पाण्याला पंप नाही

लहान आतड्याचा रोजचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. खाण्यापिण्यातून दिवसाला साधारण दोन लिटर पाणी पोटात जातं. त्यात लाळ, जठरातला पाचकरस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचा स्वतःचा पाझर मिळून आणखी सहा-सात लिटरांची भर पडते. शौचावाटे बाहेर जाणारं पाणी मात्र जेमतेम शंभर-दोनशे मिलिलिटर. म्हणजे रोज आठ-नऊ लिटर पाणी आतड्याच्या पोकळीतून परत शरीरात घेतलं जातं, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

हे पाणी आतड्याच्या पेशी ओढून घेत असतील, असं कुणालाही वाटेल. पण पेशीजवळ पाणी ओढायचं यंत्रच नाही. सोडियमचा पंप आहे, कॅल्शियमचा आहे, आम्लाचा म्हणजे हायड्रोजन आयनांचा आहे; पाण्याचा नाही. पेशी माणसाची असो की काकडीची, ती क्षार आणि साखर इकडून तिकडे हलवते आणि पाणी त्यांच्यामागून जातं. मूत्रपिंड, घाम, अश्रू, आतडं, सगळीकडचा पाण्याचा कारभार या एका नियमावर चालतो. जुलाबाने सुकून चाललेल्या मुलाच्या तोंडात आपण मीठ-साखरेचं पाणी चमच्याने घालतो तेही याच्याच भरवशावर.

आधी ज्यातून ही ये-जा चालते ते पटल पाहू. पेशीपटलाची जाडी सुमारे पाच नॅनोमीटर. वहीच्या एका पानाच्या जाडीत अशी वीसेक हजार पटलं एकावर एक मावतील. ते मेदाच्या दुहेरी थराचं असतं, हे १९२५ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन इथे गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोघांनी मांडलं. त्यांची युक्ती साधी होती. रक्तातल्या तांबड्या पेशी घ्यायच्या, ॲसिटोनने त्यांतला मेद काढायचा आणि तो पाण्यावर पसरायचा. पाण्यावर मेदाचा एकच रेणू जाडीचा थर तयार होतो. त्या थराचं क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं, म्हणजे पेशीभोवती मेदाचे दोन थर असणार. पुढे लक्षात आलं की त्यांच्या मोजणीत दोन चुका होत्या. मेद पुरता निघाला नव्हता आणि पेशींचं क्षेत्रफळही कमी धरलं गेलं होतं. दोन्ही चुकांनी एकमेकींना खोडून काढलं आणि उत्तर मात्र अचूक आलं. विज्ञानात असंही नशीब फळतं.

मेदाच्या या रेणूंची डोकी पाण्यात रमतात आणि शेपट्या पाण्याला टाळतात. म्हणून डोकी बाहेर आणि शेपट्या आत, अशी मांडणी आपोआप होते आणि मधला भाग तेलकट राहतो. त्यातून ऑक्सिजन सहज जातो, कार्बन डायऑक्साइड जातो, दारू जाते. सोडियमसारखा विद्युतभारित कण अडकतो. त्याच्याभोवती पाण्याच्या रेणूंचा घट्ट वेढा असतो, तो टाकून तेलात शिरणं त्याला झेपत नाही. ग्लुकोज तर मोठं आणि पाण्यात रमणारं, त्यालाही मज्जाव. पाण्याचा रेणू लहान असल्यामुळे थोडाफार झिरपतो. पाणी जातं आणि मीठ अडतं, या फरकातूनच परासरण घडतं. विरळ द्रवाकडून दाट द्रवाकडे जाणारा हा पाण्याचा ओघ आपण शाळेत बटाटा किंवा मनुका घेऊन पाहिलेला असतो.

स्वयंपाकघरात तो रोज दिसतो. काकडी चोचवून ठेवली, दाण्याचं कूट घातलं, वर फोडणी ओतली, तरी मीठ घालायचं ते पानं वाढायच्या वेळी. आधी घातलं तर पंधरा-वीस मिनिटांत वाडग्याच्या तळाशी पाणी साचतं आणि काकडीचे तुकडे लुळे पडतात. मीठ काकडीच्या ओल्या पृष्ठभागावर विरघळतं, तिथे दाट मिठाचं पाणी तयार होतं. मिठाला पेशीच्या आत जाता येत नाही, मग आतलं पाणीच बाहेर येतं. याच्या उलट, मरगळलेल्या कोथिंबिरीची जुडी साध्या पाण्यात उभी केली की ती तासाभरात ताठ होते. वनस्पतीच्या पेशीला बाहेरून भिंत असते म्हणून आत शिरणारं पाणी तिला सोसतं. तांबड्या रक्तपेशीला भिंत नाही. ती साध्या पाण्यात टाकली तर फुगून फुटते. शिरेतून नुसतं पाणी कधी देत नाहीत ते यामुळेच. सलाईनच्या बाटलीत लिटरमागे ९ ग्रॅम मीठ असतं, कारण त्या प्रमाणात पेशी फुगतही नाही आणि आकसतही नाही.

पण नुसत्या झिरपण्याने सगळा हिशेब जमत नव्हता. मूत्रपिंडं रोज सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा परत घेतात. तेलकट थरातून झिरपणारं पाणी या वेगाला पुरं पडेना. काही पेशींतून पाणी फार झपाट्याने जातं आणि काहींतून फार संथ, हेही दिसत होतं. पाण्यासाठी वेगळा मार्ग असणार अशी शंका जुनी होती, पण तो मार्ग हाती लागत नव्हता. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पीटर ॲग्री यांना तो जवळजवळ अपघातानेच सापडला. ते रक्तगटाच्या ऱ्हीसस प्रथिनाच्या मागे होते आणि त्यांच्या नमुन्यात एक भलतंच छोटं प्रथिन पुन्हा पुन्हा येत होतं. तांबड्या पेशींत ते मुबलक होतं, मूत्रपिंडातही होतं, काम मात्र कळत नव्हतं. परीक्षा घ्यायला त्यांनी बेडकाची अंडी निवडली. या अंड्यांना तळ्यातल्या गोड्या पाण्यात राहायचं असतं, त्यामुळे त्यांच्या पटलातून पाणी सहसा आत येत नाही. काही अंड्यांत त्या प्रथिनाचा जनुकीय निरोप टोचला, काही तशीच ठेवली आणि दोन्ही प्रकार विरळ पाण्यात सोडले. साधी अंडी जशीच्या तशी राहिली. टोचलेली अंडी काही मिनिटांत फुगली आणि फुटली. १९९२ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला, २००३ मध्ये ॲग्रींना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

या प्रथिनाला ॲक्वापोरिन म्हणतात. त्याच्या मधून जाणारी वाट इतकी अरुंद असते की पाण्याचे रेणू एकामागून एक, रांगेनेच जातात. तरी सेकंदाला अब्जावधी रेणू पार होतात. उन्हातून पायपीट करून आलो आणि पाणी प्यायलेलं नसलं की लघवी पिवळीजर्द होते. मेंदूकडून आलेल्या संप्रेरकाच्या हुकमाने मूत्रपिंडाच्या पेशी तेव्हा जादा ॲक्वापोरिन पटलावर आणून बसवतात आणि जास्त पाणी परत घेतात. पण लक्षात ठेवायचं ते हे, की ॲक्वापोरिन पाण्याला ढकलत नाही. ते फक्त वाट देतं. पाणी कुठल्या बाजूला जाईल हे पलीकडे क्षार किती आहेत त्यावर ठरतं.

मग क्षार कोण हलवतं? इथे डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांचं नाव येतं. ते मूळचे शल्यचिकित्सेत शिकलेले डॉक्टर. भूल देणारी औषधं मज्जातंतूंवर कसं काम करतात हे पाहता पाहता ते ऑर्हुस विद्यापीठात समुद्रकाठच्या खेकड्यांच्या पायांतले मज्जातंतू कुटून तपासू लागले. १९५७ मध्ये त्यांना त्यात असं विकर सापडलं, जे सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही हजर असले की पेशीतलं इंधन म्हणजे एटीपी झपाट्याने खर्च करतं. हाच सोडियम-पोटॅशियम पंप. एटीपीचा एक रेणू खर्च करून तो तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. हा पंप अहोरात्र चालतो म्हणून पेशीबाहेर सोडियम आतल्यापेक्षा दहापटीहून जास्त असतं आणि पोटॅशियमचं प्रमाण नेमकं उलटं. आपण अंथरुणावर स्वस्थ पडलेले असतानाही शरीराच्या ऊर्जेचा अंदाजे चौथा हिस्सा या एकाच कामावर जातो. स्कोऊंना नोबेल मिळायला १९९७ साल उजाडलं, म्हणजे शोधानंतर चाळीस वर्षं.

हा पंप बंद पडला तर काय होतं ते आपल्या दारातली कण्हेर सांगेल. कण्हेर देवाला वाहतात, महामार्गाच्या दुभाजकांवर ती रांगेने लावलेली असते, आणि तिची जवळची नातेवाईक बिट्टी म्हणजे पिवळी कण्हेर तर गावोगावी कुंपणाला असते. दोन्हींच्या पाना-बियांतली विषं नेमकी याच पंपाला जाऊन चिकटतात. त्याचा पहिला तडाखा बसतो तो हृदयाच्या स्नायूला. ठोक्यांची लय बिघडते आणि माणूस दगावतो. ढोरंसुद्धा कण्हेरीला तोंड लावत नाहीत ते उगाच नाही. गंमत म्हणजे याच जातीचं, युरोपातल्या डिजिटॅलिसच्या झाडातून आलेलं द्रव्य अगदी थोड्या मात्रेत थकलेल्या हृदयाला बळ देतं. इंग्लंडच्या विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं, म्हणजे पंपाचा पत्ता लागण्याच्या पावणेदोनशे वर्षं आधीपासून डॉक्टर तो बेताने मंदावत होते. घरात लहान मूल असेल तर बिट्टीची फळं खेळायला देऊ नयेत, हे जाता जाता सांगून ठेवतो.

आता आतड्याकडे परत येऊ. पंपाने सोडियम पेशीबाहेर ढकललं की त्याची ओढ सतत आत येण्याकडे असते, आणि या ओढीतून काम करून घेता येतं. नगर-ठाणे जिल्ह्यांच्या सीमेवरच्या घाटघर उदंचन प्रकल्पात वीज खर्च करून खालचं पाणी वरच्या धरणात चढवतात आणि गरजेच्या वेळी तेच पाणी खाली सोडून जनित्रं फिरवतात. सोडियमचं असंच आहे. एटीपी खर्चून त्याला वर चढवायचं, आणि खाली येताना त्याच्या जोरावर दुसरं काही आत ओढून घ्यायचं. आतड्याच्या पेशीत ते दुसरं काही म्हणजे ग्लुकोज.

ही कल्पना रॉबर्ट क्रेन या अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञाने ऑगस्ट १९६० मध्ये प्रागच्या एका परिषदेत मांडली. ग्लुकोज एकटं आत येत नाही, सोडियमच्या जोडीने येतं, दोघांना आणणारं वाहक प्रथिन एकच, आणि या कामाची ऊर्जा सोडियमच्या उतारातून मिळते. त्या वेळी हे बऱ्याच जणांच्या पचनी पडलं नाही. ते वाहक प्रथिन पुढे १९८७ मध्ये हाती लागलं. त्याला एसजीएलटी-१ म्हणतात. एका ग्लुकोजमागे ते दोन सोडियम आत आणतं. दोन्ही चिजा पेशीतून रक्ताच्या बाजूला जातात, तिथे क्षार आणि साखर वाढतात, आणि त्यांच्या मागोमाग आतड्याच्या पोकळीतलं पाणी निमूटपणे जातं. ते पेशींमधूनही जातं आणि पेशींमधल्या फटींतूनही.

नुसतं पाणी प्यायलं तर ही साखळी नीट चालू होत नाही. नुसतं मिठाचं पाणी प्यायलं तरी नाही, कारण या वाहकाला दोघंही हवेत. पटकीच्या म्हणजे कॉलऱ्याच्या रोग्यासाठी हा जीवनमरणाचा प्रश्न.

पटकीचे जंतू आतड्याला खरवडतात, त्याचं अस्तर सोलून काढतात, असा समज विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पक्का होता. कोलकात्याचे शंभूनाथ डे यांनी तो मोडला. १९५९ मध्ये त्यांनी दाखवलं की जंतू गाळून काढलेलं नुसतं पाणी सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या तुकड्यात टाकलं तरी तो तुकडा पाण्याने टम्म फुगतो. म्हणजे सगळा उत्पात एका विषाचा. अस्तर जागच्या जागी असतं. ते विष पेशीच्या आत एक कळ अशी दाबून धरतं की क्लोराइड बाहेर सोडणारी नलिका बंदच होत नाही. क्लोराइड पोकळीत वाहतं, त्याच्यामागे सोडियम, आणि त्यांच्यामागे पाणी. तासाला एक लिटरपर्यंत. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होतात, डोळे खोल जातात, नाडी लागेनाशी होते.

या गोंधळात एक गोष्ट शाबूत राहते. ग्लुकोज आणि सोडियमला जोडीने आत आणणाऱ्या वाहकाला हे विष हात लावत नाही. डेंचं मोठेपण आपल्याकडे पुरेसं ओळखलं गेलं नाही, असं माझं मत आहे. विष वेगळं आणि अस्तर धडधाकट, हे त्यांनी दाखवलं नसतं तर आजारी आतडं पाणी शोषू शकेल यावर कुणाचा विश्वास बसला असता? कोलकात्याचेच हेमेंद्रनाथ चटर्जी १९५३ मध्ये तोंडावाटे मीठ-ग्लुकोजचं पाणी देऊन मोकळे झाले होते, पण त्यामागचं कारण तेव्हा हाताशी नव्हतं आणि जगाने फारसं लक्ष दिलं नाही. १९६८ मध्ये ढाक्यात नालिन आणि कॅश या तरुण डॉक्टरांनी मोजून दाखवलं की असं पाणी पाजल्यावर शिरेतून द्यायच्या द्रवाची गरज सुमारे ८० टक्क्यांनी कमी होते. तरी मोठमोठे डॉक्टर मान हलवत राहिले. इस्पितळात, तज्ज्ञांच्या नजरेखाली ठीक आहे. बाहेर कसं जमणार?

बाहेर काय जमतं ते १९७१ मध्ये कळलं. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. सीमेवरच्या बनगाव इथल्या छावणीत पटकी पसरली. इस्पितळाच्या दोन खोल्या, खाटा मोजक्या, बाकी रोगी जमिनीवर, जुलाब-उलट्यांच्या थारोळ्यात. शिरेतून द्यायचा द्रव संपत आलेला. जॉन्स हॉपकिन्सच्या कोलकात्यातल्या केंद्राचे डॉ. दिलीप महालनबीस यांनी तेव्हा निर्णय घेतला की आता तोंडावाटेच द्यायचं. एका लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. कोलकात्यात केंद्राच्या वाचनालयात वजन करून पिशव्या भरल्या, गरम इस्त्रीने त्यांची तोंडं बंद केली, छावणीत नेऊन तोटीच्या पिंपांत पाणी कालवलं. आणि पाजायचं काम सोपवलं रोग्याच्या आईकडे, भावाकडे, शेजाऱ्याकडे. तहान आहे तोवर पाजत राहा, एवढीच सूचना. खर्च लिटरला ११ पैसे. त्याआधी मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं. या उपचाराखालच्या तीन हजारांहून जास्त रोग्यांत ते ३.६ टक्के निघालं.

या कामावरचा लेख छापून यायला १९७३ उजाडलं. १९७८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने संपादकीयात ग्लुकोज आणि सोडियम आतड्यात जोडीने जातात या शोधाला शतकातल्या सर्वांत मोठ्या वैद्यकीय प्रगतीच्या पंक्तीला बसवलं. महालनबीस २०२२ मध्ये गेले. पद्मविभूषण मिळालं ते त्यानंतर, २०२३ मध्ये.

आतड्यातल्या एसजीएलटी-१ या वाहकाचा भाऊ एसजीएलटी-२ मूत्रपिंडात असतो आणि गाळलेल्या ग्लुकोजपैकी सुमारे ९० टक्के परत घेतो. त्याला अडवलं की साखर लघवीवाटे निघून जाते. मधुमेहाच्या ज्या गोळ्यांच्या नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' येतं त्या हेच करतात. त्यांचं मूळ सफरचंदाच्या झाडाच्या सालीतल्या एका कडू द्रव्यात आहे. ते १८३५ मध्येच वेगळं काढलं गेलं होतं. अशी गोळी घेणाऱ्याला लघवी जास्त होते, तीही साखरेमागून पाणी जातं म्हणूनच.

आजच्या ओआरएसच्या, म्हणजे याच मीठ-साखरेच्या पाण्याच्या, पाकिटावर छापलेले आकडे आता वाचता येतील. ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम, एकूण २०.५ ग्रॅम, एका लिटरसाठी. सोडियम आणि ग्लुकोज रेणूंच्या हिशेबाने सारखेच, लिटरला ७५ आणि ७५ मिलिमोल, आणि एकंदर दाटपणा २४५ मिलिऑस्मोल, म्हणजे रक्तापेक्षा थोडा कमी. जुन्या पाकिटाचा दाटपणा ३११ होता. तो मुद्दाम उतरवला, कारण पोकळीत द्रव दाट झाला तर पाणी उलटं आतड्यात येतं आणि जुलाब वाढतात. थंड पेयांच्या बाटल्या अशा वेळी घातक ठरतात त्या याचसाठी. त्यांत लिटरला शंभर ग्रॅमच्या आसपास साखर असते आणि सोडियम नावापुरतं. 'ओआरएस' असं मोठ्या अक्षरात मिरवणारी गोड पेयंही दुकानांत होती; ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्यांना ते नाव वापरायला मनाई केली. कोकणात आजाऱ्याला मीठ घालून तांदळाची पेज देतात ती मात्र शास्त्राला धरून आहे. पिष्टाचं ग्लुकोज हळूहळू होत जातं, त्यामुळे पोकळीतला दाटपणा एकदम चढत नाही.

आपल्याकडे अजूनही दवाखान्यात गेल्यावर "डॉक्टर, एक सलाईन लावाच" असा आग्रह धरला जातो, रोगी गटागटा पाणी पीत असला तरी. शुद्ध हरपलेल्या, सारखी उलटी होणाऱ्या किंवा नाडी बुडालेल्या रोग्याला सलाईन हवंच, आणि तेही ताबडतोब. पिऊ शकणाऱ्याला पाकीट पुरतं. पाकीट घरी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि मीठ जास्त होऊ द्यायचं नाही. मुलाने उलटी केली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने सुरू करा. मोठं पाकीट पेलाभर पाण्यात अर्धं-मुर्धं कालवू नका. २०.५ ग्रॅमच्या पाकिटाला पूर्ण एक लिटर पाणी घ्या, चार ग्रॅमच्या आसपासच्या छोट्या पाकिटाला २०० मिलिलिटर, आणि कालवलेलं पाणी २४ तासांनंतर उरलं तर ओतून टाका.